शासकीय प्रकाशने आणि जिल्हा ग्रंथालये

'शासकीय प्रकाशने संकेतस्थळावर आल्यावर छापील प्रतींची गरज उरत नाही' हे मत मला पटत नाही. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार शासकीय पुस्तकांच्याही प्रती ग्रंथालयांकडे जातात, पण ती ग्रंथालये कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथे आहेत. संकेतस्थळावरचे जुने अहवाल म्हणजे पुष्कळदा पानांची नुसती छायाचित्रे असतात. तालुक्याचे नाव टाकून शोध घेतला तर हाती काहीच लागत नाही आणि सगळा अहवाल पानोपान चाळावा लागतो. माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक मार्ग विचारात घ्यावा, असे माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४(४) सांगते. जिल्हा ग्रंथालयात निदान एक छापील संच हवाच, ही मागणी आपण लावून धरावी.