नीटची तयारी करताना बारावीपर्यंत गणितही ठेवावे का?

प्रश्न (पालक, मिरज)
माझ्या मुलीने राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला असून विषय निश्चित करण्याची मुदत या आठवड्यात संपते. तिचा ओढा वैद्यकीय शिक्षणाकडे असल्याने जीवशास्त्र ठरलेले आहे. परंतु गणित सोडायला ती तयार नाही. नीटला गणित लागत नसल्याने त्याऐवजी भूगोल घ्यावा, असे क्लासचे सर बजावून सांगतात. दोन्ही विषय ठेवल्यास नीटच्या तयारीवर परिणाम होईल का?

उत्तर (गणित शिक्षिका, कनिष्ठ महाविद्यालय)
भूगोलाच्या जागी गणित आल्याने बारावीच्या पेपरांची संख्या वाढत नाही. वाढतो तो सरावाचा वेळ. भूगोल परीक्षेच्या तोंडावर वाचून निभावता येतो, इंटिग्रेशन आणि डिफरन्शिअल इक्वेशन तसे निभावत नाहीत, आणि जीवशास्त्राच्या जर्नलवर सह्या घेण्याची धांदल सुरू होते नेमके तेव्हाच ते अंगावर येतात. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असल्याने सरांचा हिशेब चुकीचा नाही (क्लासला स्वतःच्या निकालाचीही काळजी असते, हा भाग वेगळा). मात्र गणित सोडले की अभियांत्रिकीसाठी लागणारी पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, हातची जाते. दोन्ही विषय असणाऱ्यांना पीसीएम आणि पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) अशा दोन्ही गटांच्या परीक्षा देता येतात. दहावीचे गणित मुलीने स्वतःच्या बळावर सोडवले असेल तर ते अवश्य ठेवावे. त्यासाठी आणखी एक क्लास लावावा लागणार असेल, तर माझा विषय असूनही मी ‘नको’ म्हणेन.

उत्तर (आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील विद्यार्थी)
वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही तर मूलभूत विज्ञानाकडे वळण्याची तिची तयारी आहे का, हेही विचारून पाहावे. आयसरच्या प्रवेशासाठी होणाऱ्या अभिरुची चाचणीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. चारपैकी तीन विषय घेतलेल्यांनाही अर्ज करता येतो, पण गणित सोडलेल्यांना २४० पैकी ६० गुणांचे प्रश्न केवळ दहावीच्या शिदोरीवर सोडवावे लागतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होत असल्याने अंदाजही महागात पडतो.

उत्तर (पालक, सातारा)
उलट क्रमही, म्हणजे आधी गणित आणि नंतर जीवशास्त्र, आता शक्य आहे. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांना नीट देण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. मात्र आपल्या मुलीचे वैद्यकीय ठरलेलेच असल्याने त्या वाटेने एखादे वर्ष घालवण्यात अर्थ नाही.

मूळ प्रश्नकर्ते
सर्वांचे आभार. दहावीला तिने गणिताची शिकवणी लावली नव्हती आणि आयसरची माहिती वाचून तिचा आग्रह वाढलाच आहे. जीवशास्त्राची प्रात्यक्षिके आणि गणिताचा तास एकाच वेळी येत नाहीत ना, एवढे उद्या महाविद्यालयात विचारून अर्जावर सही करतो.