मदत हवी आहे: आई-बाबांना व्हिटमन काउंटीत (वॉशिंग्टन राज्य) कोणत्या महिन्यात बोलवावं?

मालदांडी:

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ऑक्टोबरात पुलमनला आलो. पूर्व वॉशिंग्टन, आयडाहोच्या सीमेला खेटून. वॉशिंग्टन म्हटलं की सगळे सिएटलच्या पावसाचं विचारतात, पण मधे कॅस्केड पर्वत आडवा आहे आणि आम्ही त्याच्या पर्जन्यछायेत. चहूकडे गव्हाच्या टेकड्या. या मुलखाला पलूस म्हणतात (सांगलीचं नव्हे!).

आई-बाबांचा व्हिसा झालाय. पहिल्यांदाच येणार, फार तर सहा महिने राहतील. बाबा मंगळवेढ्याकडचे, आयुष्यभर काळ्या रानात शाळू (रब्बी ज्वारी) केला. त्यांना इथली शेती बघायचीच आहे, पेरणी आणि काढणी दोन्ही. आईला दमा आहे. बाबांचे गुडघे दुखतात.

सध्या इथे दुपारी चारला सूर्य मावळतो. दिवसा थोडं वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी पार्किंगमधे काळपट काच पसरल्यासारखी दिसते, म्हणजे खरं तर दिसतच नाही. काल गाडीपर्यंत मी भिंत धरून गेले. यात बाबांना आणायचं धाडस नाही. पण उन्हाळ्यात वणव्यांचा धूर येतो म्हणतात, मग आईचं काय?

शिवाय बाबांनी फोनवर विचारलंय, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही: "पाऊस हिवाळ्यात पडतोय आन् पीक उन्हाळ्यात निघतंय, मग मधी पाणी कोण देतंय?"

जाणकारांनी कृपया सांगा. आगाऊ आभार.

ओंबी:

पुलमनला बरीच वर्षं काढली, आता स्पोकेनला असते. माझं मत: एप्रिल अखेर या, ऑगस्टच्या मध्याला परत.

मार्चच्या मोहात पडू नका. बर्फ गेलेला असतो, पण त्याच्या जागी चिखल आणि बोचरा वारा, एखाद्या सकाळी परत पांढरंशुभ्र. त्या दिवसांत फारच कंटाळा आला तर गाडी काढून खाली स्नेक नदीकाठी वावावाईला किंवा लुइस्टनला जायचं. पुलमन साधारण ७०० मीटर उंचावर, नदी बरीच खाली. वर बर्फ भुरभुरत असताना खाली नुसता पाऊस, आणि झाडांना पालवीही आधी फुटते. घाट उतरताना ऋतू बदललेला कळतो.

मे-जून सर्वांत सुंदर. सगळ्या टेकड्या हिरव्यागार, मधूनच कनोलाचे (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) पिवळे पट्टे. स्टेप्टो ब्यूट या उंच टेकडीवर अगदी वरपर्यंत गाडी जाते, बाबांचे गुडघे वाचतील. मात्र जूनमधेही गार, पावसाळी दिवस येतात, तेव्हा स्वेटर आणायला सांगा. जुलैत दिवसा २८-३० अंश आणि पहाटे १०, म्हणून स्वेटर तेव्हाही लागतोच. जूनमधे उजेड रात्री नऊपर्यंत असतो. आमच्या सासूबाई जेवायलाच बसायच्या नाहीत, "दिवेलागण तरी होऊ दे" म्हणायच्या.

उष्णतेची लाट कधीतरी येते. २९ जून २०२१ ला स्पोकेनमधे पारा ४३ च्या घरात गेला होता. सोलापूरकरांना ४३ चं कौतुक नाही, पण इथली घरं थंडीसाठी बांधलेली. जुन्या घरांत एसी नसतो. तुमच्याकडे आहे का ते आत्ताच बघून ठेवा.

नागमोडी:

ताई, धुराबद्दल. ऑगस्ट-सप्टेंबर हा त्याचा हंगाम. दर वर्षी सारखा नसतो. एखादं वर्ष दोन-चार दिवस धुरकट जातं, एखादं पार घुसमटवून टाकतं. वणवा इथेच लागायला हवा असंही नाही, ऑरेगन, आयडाहो, कॅनडा, कुठूनही वाऱ्यासोबत येतो. आणि कधी इथेही लागतो: ७ सप्टेंबर २०२० ला कोरड्या, जोरदार वाऱ्यात याच काउंटीतलं माल्डन नावाचं छोटं गाव बहुतांश जळून गेलं. त्या महिन्यात पुलमनची हवाही फार वाईट होती.

दम्याच्या माणसासाठी एक खोली राखून ठेवा. खिडक्या बंद, एअर प्युरिफायर चालू. तो महाग वाटला तर चौकोनी पंख्याला मागून मर्व्ह १३ दर्जाचा (धुराचे बारीक कण अडवणारा) फिल्टर चिकटवून काम भागतं. एन-९५ मास्क जुलैतच आणून ठेवा, धूर आल्यावर दुकानं रिकामी होतात. एअरनाउ या सरकारी संकेतस्थळावर रोज हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक बघायची सवय लावा. आईंचे पंप भारतातूनच पुरेसे आणा, आणि धुरात काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांना निघायच्या आधी विचारा. सिएटलला पळून जाऊ म्हणाल तर त्याची खात्री नाही, धूर तिकडेही पोचतो.

तिफण:

बाबांचा प्रश्न आवडला. त्यांना म्हणावं, पाणी जमीनच देते, तुमच्या शाळूला देते तसंच.

पुलमनला वर्षाला साधारण ५२० मिमी पाऊस-बर्फ मिळून पडतो. सोलापूर जिल्ह्याची सरासरीही त्याच्या आसपासच! फरक वेळेचा. इथे बहुतेक सगळं नोव्हेंबर ते वसंतापर्यंत पडतं, जुलै-ऑगस्ट जवळपास कोरडे. पण या टेकड्या म्हणजे वाऱ्याने हजारो वर्षं आणून टाकलेली बारीक माती, कित्येक ठिकाणी खूप खोल. हिवाळ्यातलं पाणी ती धरून ठेवते आणि गव्हाची मुळं पाच-सहा फूट खाली जाऊन ते शोषतात. बहुतेक गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, तो उगवून बर्फाखाली निजतो, वसंतात वाढतो. पाटाचं पाणी जवळजवळ कुठेच नाही. काउंटीच्या पश्चिमेला पाऊस आणखी कमी, तिथे एक वर्ष रान पड ठेवून ओल साठवतात.

दुखणं वेगळंच आहे. जमीन गोठलेली असताना बर्फावर पाऊस पडला की पाणी मुरत नाही, माती घेऊन वाहून जातं. फेब्रुवारी १९९६ मधे असाच मोठा पूर आला होता. आणि उतार इतके तीव्र की काढणीची यंत्रं टेकडीवर स्वतःला सरळ ठेवणारी असतात. चाकं तिरपी, वरचा भाग सपाट. बाबा तासभर बघत बसतील.

मालदांडी:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना तिफणदादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. "म्हंजे आपल्यागतच की" म्हणाले, आणि लगेच एकरी उतारा विचारला. आता तो शोधते.

एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात येणं, १२-१३ ऑगस्टला परत, असं ठरतंय. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घेते, धूर लवकर आला तर आईला आधी पाठवता येईल. पण मग गव्हाची पेरणी हुकणार, आणि काढणी तरी नीट दिसेल का?

तिफण:

गव्हाची पेरणी हुकेल, पण मसूर आणि काबुली हरभऱ्याची एप्रिल-मेमधे चालू असते, ती दाखवा. काढणीसाठी पुलमनच्या वावरांची वाट बघू नका. पश्चिमेकडचा भाग सखल, जास्त गरम आणि कोरडा, त्यामुळे गहू तिथे आधी पिकतो. जुलैच्या शेवटी लाक्रॉस-एंडिकॉटच्या बाजूला एक चक्कर मारा. रस्त्याकडेला धुरळा उडताना दिसला की गाडी थांबवायची, मात्र वाळक्या गवतावर उभी करायची नाही, गरम सायलेन्सरने पेट घेतो. शेतकऱ्याला हात केला तर बहुतेक जण थांबून बोलतात. यंत्रात बसवून एक फेरीही मारतील, विचारून तर बघा.