विषय: बाबांची पेटी ईबेवर लावतेय, शिपिंग किती ठेवू?

नमस्कार मंडळी,
आम्ही पुढच्या महिन्यात न्यू जर्सीतल्या एडिसन गावचं घर सोडतोय. बाबांची पेटी (हार्मोनियम), थोडी पुस्तकं आणि वीसेक दिवाळी अंक ईबेवर लिलावाला लावायचेत. शिपिंग फ्लॅट, म्हणजे सगळ्यांना सरसकट, २५ डॉलर ठेवू की फ्री? फ्री असलं की बोली जास्त येते म्हणतात. कुणी विकलंय का आधी?

---

ताई, लिलावात फ्री मुळीच नको. ठरलेल्या किमतीला विकताना शिपिंग किमतीत धरता येतं, पण इथे पेटी शेवटी कितीला जाईल कुणाला ठाऊक, एकच बोली आली आणि चाळीसला गेली तर सगळे पाठवण्यातच जातील. फ्लॅटचंही तेच, मी गेल्या वर्षी २५ च लावले होते, घेणारा निघाला सॅन होजेचा, म्हणजे न्यू जर्सीहून झोन ८ (पोस्टाचे झोन अंतरावर असतात, लांब तितका दर जास्त), आणि पोस्टात गेल्यावर कळलं की नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोका एक घनफुटाच्या वर गेला की लांबी-रुंदी-उंची इंचात गुणून १६६ ने भागतात, आणि तो आकडा काट्यापेक्षा जास्त आला तर तोच वजन म्हणून धरतात. माझा २० बाय १५ बाय १३, म्हणजे ३९०० घनइंच, आले साडेतेवीस, धरले २४ पाउंड. काट्यावर १७ च होते! वरचे पैसे मीच भरले.

तेव्हा कॅल्क्युलेटेडच लावा, घेणाऱ्याच्या झिपप्रमाणे आकडा त्याला आपोआप दिसतो. पण आधी पेटी पॅक करा, भात्याचा खटका लावून, पट्ट्यांवर मऊ कापड घालून, चारी बाजूंनी दोन-दोन इंच फोम, आणि मगच मापं घ्या, नुसत्या पेटीची नको. खोक्या-फोमचा खर्च हँडलिंगमध्ये टाका, त्याहून एक डॉलरही जास्त नको. काही जण वस्तू एक डॉलरला लावून शिपिंग साठ ठेवतात, तसं अजिबात करू नका, ईबे कमिशन शिपिंग धरून घेतं त्यामुळे वाचत काहीच नाही आणि समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं.

पुस्तकं मीडिया मेलने (पुस्तकांसाठीची पोस्टाची स्वस्त सेवा), त्याला झोन नाही, फक्त वजन. दिवाळी अंक मात्र त्यात घालू नका हं, अंकात जाहिराती असतात आणि त्या मीडिया मेलला चालत नाहीत, पोस्टवाले पार्सल उघडून बघू शकतात.

---

दादा, खूप आभार, हे जाहिरातींचं डोक्यातच आलं नव्हतं. पेटी आज पॅक करूनच मोजते. दिवाळी अंक आता लावतच नाही, बाबांनी कवितांवर पेन्सिलने खुणा केल्यात, ज्यांना वाचायचेत त्यांनी शनिवारी घरी येऊन घेऊन जा, चहा ठेवते.