कंटेनरमधून वजनकाट्याचा पोर्ट उघडत नाही, मार्गदर्शन हवे

धागाकर्ता (सांगली) :
नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचे वजन यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरमार्फत संगणकात येते आणि पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब) तयार करणारा प्रोग्राम एका एलएक्ससी कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच लिनक्स संगणकातल्या वेगळ्या राखलेल्या कप्प्यात, चालतो. कंटेनर प्रिव्हिलेज्ड आहे, म्हणजे आतला रूट (मुख्य वापरकर्ता) हाच बाहेरचाही रूट. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १० वरून ११ वर गेल्यापासून कंटेनरमध्ये टीटीवाययूएसबी० ही कन्व्हर्टरच्या पोर्टची फाइल दिसते, पण रूट म्हणून उघडली तरी 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असे उत्तर येते. फाइलच्या परवानग्या ६६६ (सर्वांना वाचण्या-लिहिण्याची मुभा) करूनही फरक पडला नाही. सध्या वजने हाताने लिहीत आहोत आणि शेतकऱ्यांना पट्टीसाठी ताटकळावे लागते, याचे फार वाईट वाटते.

प्रतिसाद (सातारा) :
नमस्कार. संदेशाचे शब्द आपण नेमके दिलेत, त्यामुळे शोध सोपा झाला. फाइलच्या परवानग्या आड आल्या असत्या, तर 'परमिशन डिनाइड' असे आले असते. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येते तेव्हा मी आधी सीग्रुपकडे, म्हणजे कोणत्या प्रोग्रामला काय वापरता येईल यावर मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेकडे, पाहतो. डेबियन ११ पासून सीग्रुपची दुसरी आवृत्ती मूलतः चालू असते. पहिल्या आवृत्तीत डिव्हायसेस.अलाउ या फाइलमध्ये नियम लिहिला जाई. दुसरीत ती फाइलच नाही, तर सीग्रुपला जोडलेला एक छोटा बीपीएफ प्रोग्राम (लिनक्सच्या गाभ्यात चालणारा) डिव्हाइस उघडण्याची प्रत्येक विनंती तपासतो. आपल्या कॉन्फिगमधली 'एलएक्ससी.सीग्रुप.डिव्हायसेस.अलाउ' ही ओळ म्हणूनच आता निष्प्रभ ठरली असावी. तिथे 'सीग्रुप'ऐवजी 'सीग्रुप२' लिहा, समोर 'सी १८८:* आरडब्ल्यूएम' (या क्रमांकाच्या उपकरणांना वाचण्या-लिहिण्याची मुभा) ठेवा आणि कंटेनर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. १८८ हा यूएसबी-सिरीयलचा मेजर क्रमांक, म्हणजे उपकरणाचा प्रकार सांगणारा क्रमांक, आहे; तरीही 'एलएस -एल' देऊन आपल्याकडचा क्रमांक एकदा पाहून घ्या, कारण काही उपकरणे टीटीवायएसीएम या नावाने येतात आणि त्यांचा मेजर १६६ असतो.

धागाकर्ता :
मनापासून आभार. रूट म्हणून पोर्ट उघडला! पट्टीचा प्रोग्राम मात्र साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि त्याला आता 'परमिशन डिनाइड' येते. परवानग्याही पुन्हा ६६० (फक्त मालक व त्याच्या गटाला मुभा) झालेल्या दिसतात.

प्रतिसाद (सातारा) :
म्हणजे सीग्रुपचा अडसर दूर झाला. संगणक पुन्हा सुरू झाला किंवा केबल काढून लावली की ती फाइल नव्याने तयार होते आणि यूडेव्ह (उपकरणांच्या फाइली सांभाळणारा प्रोग्राम) तिला ठरलेल्या परवानग्या देतो, म्हणून हाताने दिलेल्या परवानग्या टिकत नाहीत. त्या वापरकर्त्याला कंटेनरच्या आत 'डायलआउट' गटात (सिरीयल पोर्ट वापरू शकणाऱ्यांचा गट) घाला आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा. कंटेनर अनप्रिव्हिलेज्ड असता, तर आतले वापरकर्ता व गट क्रमांक बाहेरच्या वेगळ्या क्रमांकांवर सरकवलेले असल्यामुळे ती फाइल आत 'नोबडी'च्या (अनोळखी वापरकर्त्याच्या) मालकीची दिसली असती आणि हा उपाय लागू पडला नसता.

प्रतिसाद (मिरज) :
एक भर घालतो. यार्डात धूळ असते आणि पोती हलवताना केबलला धक्का लागतो, त्यामुळे कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी१ म्हणून परत येऊ शकतो. कॉन्फिगमध्ये ही फाइल कंटेनरला जोडणारी जी माउंटची ओळ असते, तिच्यात टीटीवाययूएसबी० ऐवजी 'डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी' खालचा, उपकरणाच्या ओळखीवरून ठरणारा मार्ग द्या; नाव बदलले तर कंटेनर पुन्हा सुरू केल्यावर काटा सापडेल. दोन काट्यांना सीएच३४० चिपचे एकसारखे कन्व्हर्टर असतील तर त्यांना बहुधा अनुक्रमांक नसतो, म्हणून ओळखीवरून ते वेगळे करता येत नाहीत. अशा वेळी 'बाय-पाथ' (कोणत्या यूएसबी पोर्टला जोडले त्यावरून ठरणारा मार्ग) वापरा आणि कोणता काटा कोणत्या पोर्टला, हे संगणकावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

धागाकर्ता :
'डायलआउट'ने काम झाले. आत्ताच ५० किलोच्या प्रमाणित वजनाने काटा पडताळला, पट्टीवर तेवढाच आकडा उमटला. बाय-आयडीचा बदल आज संध्याकाळी सौदे संपल्यावर करतो.