सदाफुलीची पानं कोण तोडतंय?

नीलिमा बी-३०४: बागेतली सदाफुली परत ओरबाडली आहे. फुलं तशीच आहेत, पानं गायब. "उपाशीपोटी सात पानं, शुगर बाय बाय" ग्रुपवर कोणी टाकलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

कुलकर्णी काका ए-१०२: नाव घेऊन बोला. आयुर्वेदिक आहे, अपाय कसला?

माधवी सी-२०१: काका, ही मूळची मादागास्करची. चरक-सुश्रुतात कुठून येणार?

कुलकर्णी काका: कॅन्सरचं औषध हिच्यातूनच निघतं ना? *उपाशीपोटी सात पानं, शुगर बाय बाय* 🙏

माधवी: निघतं, म्हणूनच चावू नका. कॅनडात नोबल आणि बिअर हे शास्त्रज्ञ मधुमेहासाठीच ही पानं तपासत होते. उंदरांची साखर उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या आणि संसर्गाने उंदीर मेले. त्यातूनच १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध हाती आलं. ह्याच झाडातलं पुढचं औषध व्हिन्क्रिस्टिन, ते मोठ्या माणसालासुद्धा एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, तेही फक्त शिरेतून.

संदीप ए-५०१: शेळीसुद्धा तोंड लावत नाही हिला 😄

सेक्रेटरी: तोडू नका अशी पाटी लावू. खर्च कोणाच्या खात्यातून?

नीलिमा: पाटीला पैसे नाहीत, दिवाळीच्या लायटिंगला होते.

कुलकर्णी काका: सात पानांत असं किती औषध असणार?

माधवी: कॅन्सरवर उपयोग व्हावा इतकं अजिबात नाही. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. पण या झाडात शंभरावर अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी रसायनं, आहेत, आणि प्रमाण झाडागणिक, पानाच्या वयागणिक बदलतं, त्यामुळे "सात पानं" या मापाला अर्थच नाही. सशांना ताजा रस पाजल्यावर साखर उतरल्याचे प्रयोग आहेत. म्हणजे ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने वरून रस घेतला, तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते. गरोदर बाईने तर घेऊच नये.

कुलकर्णी काका: *उपाशीपोटी सात पानं* 🙏 अनुभव घ्या, मग बोला.

सेक्रेटरी: काका, चौथ्यांदा आलं हे.

सुनंदा काकू ए-१०२: माधवी, ग्लिमेपिराइड चालू असताना आठ दिवस रस झालाय ह्यांचा. काय करू?

माधवी: काकू, रस आजच बंद. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फोन करून रसाचं सांगा. उपाशीपोटी आणि जेवणानंतर शुगर मोजा. घाम, थरथर, गरगर वाटली किंवा ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

कुलकर्णी काका: हे ग्रुपवर विचारायची गरज नव्हती.

सुनंदा काकू: ९२ आली माधवी.