गोनिओ सगळ्यांची की फक्त संशयितांची?

ओपीडीवाला:
काल ज्युनिअरशी वाजलं. तो म्हणतो, चाळिशीपुढच्या प्रत्येक नव्या पेशंटची काचबिंदूसाठी गोनिओस्कोपी व्हायलाच हवी, म्हणजे डोळ्यावर आरशाची लेन्स टेकवून कॉर्निया (पुढचा पारदर्शक पडदा) आणि आयरिस (रंगीत पडदा) यांच्यातला, पाण्याचा निचरा होतो तो कोन बघायचा. माझ्याकडे रोज ऐंशी पेशंट असतात. मी स्लिटलॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) लेन्सशिवाय, व्हॅन हेरिक पद्धतीने बघतो. कडेला पुढच्या कप्प्याची (कॉर्निया-आयरिसमधल्या जागेची) खोली कॉर्नियाच्या जाडीच्या पाव किंवा त्याहून कमी दिसली, तरच लेन्स लावतो. चुकतंय का?

काचबिंदूवाली:
चुकतंय, सर. व्हॅन हेरिकमध्ये तुम्ही फक्त कडेची खोली बघता, कोन नाही. तिथून निघालेला प्रकाश कॉर्नियाच्या आतच परावर्तित होतो, बाहेर येत नाही, म्हणून तर आरशाची लेन्स लागते. प्लॅटो आयरिसमध्ये (आयरिसची कड कोनाजवळ पुढे सरकलेली) मधला कप्पा खोल असतो आणि कोन मात्र चिकटायला टेकलेला. गेल्या महिन्यात एक बाई आल्या. केसपेपरवर ‘ओपन अँगल’, म्हणजे उघड्या कोनाचा काचबिंदू, तीन वर्षं थेंब चालू. अंधारात लेन्स लावली तर वरचा कोन बंद. लेन्सने कॉर्निया दाबून बघितलं, काही भाग उघडला, काही कायमचा चिकटलेला. तीन वर्षांत कोणीच लेन्स लावली नव्हती.

मशीनप्रेमी:
आता एएस-ओसीटी (डोळ्याच्या पुढच्या भागाचा स्कॅन) आहे की. डोळ्याला हात नाही, जेल नाही, अंधारात फोटो निघतो, पेशंट खूश.

काचबिंदूवाली:
फोटोला रंग नसतो. कोनातल्या निचऱ्याच्या जाळीवर साचलेलं पिगमेंट, डायबेटिकच्या कोनात उगवलेल्या नव्या रक्तवाहिन्या यातलं काय दिसणार? शिवाय स्क्लेरल स्परच (कोनातला उंचवटा, मोजायची खूण) सापडला नाही तर मोजायचं कुठून? आणि मशीनला दाबून बघता येत नाही.

तालुका_ऑप्टोम:
मला दोघांपेक्षा वेगळंच खटकतं. ‘गोनिओ केली’ असं लिहिलेले कागद मी खूप बघतो. खोलीत ट्यूबलाइट चालू, स्लिटची पट्टी लांबलचक, थेट बाहुलीवर. बाहुली आकसते, आयरिस ताणली जाते, बंद कोन उघडा दिसतो. पट्टी एक मिलिमीटरची, बाहुलीवर न पडणारी आणि खोली काळोखी, हे आधी. चार आरशांची लेन्स छोटी असते, नकळत दाबली तरी पाणी कडेला सरकून कोन उघडतो. कॉर्नियावर सुरकुत्या दिसल्या की समजायचं, आपणच दाबतोय. अशी गोनिओ सगळ्यांची केली काय, न केली काय.

मशीनप्रेमी:
बरं, बंद कोन सापडला, पुढे काय? चीनमधल्या ग्वांगझूच्या अभ्यासात कोन अरुंद असलेल्या 889 संशयितांच्या एका डोळ्याला लेसर केलं (आयरिसला बारीक भोक पाडलं), दुसरा तसाच ठेवला. सहा वर्षांत लेसरच्या 19 डोळ्यांत आजार पुढे सरकला, बिनलेसरच्या 36 डोळ्यांत. सरसकट लेसर नको, असंच त्यांनी लिहिलं.

काचबिंदूवाली:
लेसर नको म्हणजे बघूच नका असं नाही. ते लोक संशयित होते, डोळ्याचा दाब वाढलेले किंवा चिकटलेल्या कोनाचे नव्हते. हा फरक कळतो कशाने? गोनिओनेच. आणि आपल्याकडे वेल्लोरमध्ये पाच वर्षांत 50 संशयितांपैकी 11 जण पुढच्या टप्प्यात गेले. गट छोटा आहे, मान्य. पण ग्वांगझूचे आकडे इथे जसेच्या तसे लावायला मी धजणार नाही.

आईसोबत_आलेली:
डॉक्टर नाही, सॉरी. आईची ही तपासणी झाली. सुन्न करायचे थेंब टाकले, दुखलं नाही. पण कशासाठी ते कोणी सांगितलं नाही. डोळ्यावर काच टेकवणार म्हटल्यावर ती दोन्ही हातांनी टेबल धरून बसली होती.

ओपीडीवाला:
ताई, ही आमची चूक. बरं, मी अर्धा पाऊल मागे. दाब जास्त, प्लस नंबरचा चष्मा, घरात काचबिंदू, रेटिनाची शीर बंद झालेली, यांची गोनिओ न चुकता. ऐंशीच्या ऐंशींची नाही, तुम्ही काहीही म्हणा.

काचबिंदूवाली:
डायबेटिकही धरा. आणि बाहुली मोठी करण्याआधी! नंतर केलेली धरत नाही मी.

ओपीडीवाला:
बाहुली मोठी करायचे थेंब सिस्टर आधीच टाकून ठेवते, तिथेच घोडं अडतं. उद्या तिच्याशी बोलतो. चार आरशांची लेन्स घेऊ की जेल लावून वापरायची गोल्डमन?

तालुका_ऑप्टोम:
चार आरशांची. जेल पुसायला तुमच्याकडे माणूस कुठाय?