एका मताचा गव्हर्नर: एव्हरेट यांनी माघार घेतली, ते योग्य झाले का?

पायवाट:
अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या १८३९ च्या निवडणुकीत विद्यमान गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट (व्हिग पक्ष) हरले आणि १८२८ पासून दरवर्षी उभे राहून पडणारे डेमोक्रॅट मार्कस मॉर्टन निवडून आले. त्या राज्यात तेव्हा नुसती सर्वाधिक मते पुरत नसत, निम्म्याहून अधिक लागत. एकूण १,०२,०६६ मते पडली, मॉर्टन यांना ५१,०३४ मिळाली, म्हणजे हवी होती तेवढीच. एक मत जरी इकडचे तिकडे झाले असते, तरी निवड विधिमंडळाकडे गेली असती, आणि तेथे जोर व्हिगांचा होता. पक्षातून आग्रह होत असतानाही एव्हरेट यांनी निकालाला आव्हान दिले नाही. सत्ता हातात असताना असे वागणे दुर्मीळ आहे, असे माझे मत आहे.

जुनी वही:
आपला आदर समजतो, पण हे मला पटत नाही. विधिमंडळाने निवड करणे ही काही पळवाट नव्हती, राज्यघटनेनेच घालून दिलेली ती रीत होती. मॉर्टन यांच्या नावात अक्षर चुकलेली एक चिठ्ठीसुद्धा त्यांच्याच खात्यात धरली गेली, असे सांगतात. निकाल एका चिठ्ठीवर तोललेला असताना मोजणी काटेकोर व्हावी असा आग्रह धरणे हे उमेदवाराचे कर्तव्यच ठरते. ते टाळण्याला औदार्य म्हणायचे की आळस?

पिंपातली गोष्ट:
दोघांनीही पराभवाचे मूळ बाजूला ठेवले आहे. १८३८ मध्ये एव्हरेट यांनी सही केलेल्या कायद्याने कडक दारू एका वेळी १५ गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ५७ लिटरपेक्षा, कमी विकायला बंदी घातली. ज्याच्या तळघरात पिंप मावते त्याला काहीच अडचण नव्हती, पण संध्याकाळी एक पेला घेणारा मजूर मात्र गुन्हेगाराच्या गिऱ्हाइकात जमा झाला. डेडहॅम येथे मिलिशियाच्या (नागरिकांच्या सैन्यदलाच्या) कवायतीच्या दिवशी एकाने तंबू ठोकला, डुकराच्या अंगावर रंगाने पट्टे ओढले आणि ‘पट्टेरी डुक्कर’ पाहण्याचे तिकीट लावले. तिकिटासोबत रमचा पेला फुकट. लोक एकच डुक्कर पुन्हा पुन्हा पाहायला येऊ लागले, यात नवल ते काय! ज्या कायद्याची अशी थट्टा झाली, त्यावर सही केलेल्या एव्हरेट यांना विधिमंडळातून खुर्ची राखणे महागात पडले असते. त्यांच्या माघारीत औदार्यापेक्षा हिशेब अधिक होता.

जुनी वही:
हिशेबच म्हणता, तर ‘एका मताने विजय’ हाही जरा तपासून पाहावा. एव्हरेट यांना ५०,७२५ मते होती, म्हणजे दोघांतले अंतर ३०९ मतांचे. आपल्याकडच्या पद्धतीत विषय तिथेच संपला असता. उरलेली ३०७ मते इतरांत विखुरलेली होती. मॉर्टन यांचा एक मतदार घरी बसला असता, तर एकूण मतेही एकाने घटली असती आणि ५१,०३३ हे तेव्हाही बहुमतच ठरले असते. अडले असते ते दोन मतदार घरी बसल्यावर, किंवा एकाने मत फिरवल्यावर.

पायवाट:
हे गणित माझ्या लक्षात आले नव्हते, चूक मान्य करतो. मात्र ३०९ मतांनी मागे असलेल्या माणसाने आपल्याच पक्षाच्या सभागृहाकडून गव्हर्नरपद घेणे नियमात बसले असते, तरी मतदारांना ते कसे दिसले असते, याचाही विचार व्हावा. निवडणूक तेव्हा दरवर्षी होत असे, त्यामुळे उत्तर द्यायला मतदारांना फार थांबावे लागले नसते.

पिंपातली गोष्ट:
आणि ते मॉर्टन यांनाही चुकले नाही. १८४० मध्ये १५ गॅलनचा कायदा रद्द झाला, पण त्याच वर्षीच्या निवडणुकीत ते हरले. १८४२ मध्ये कोणालाच बहुमत मिळाले नाही, निवड खरोखरच विधिमंडळात गेली, आणि तेथे मॉर्टन पुन्हा गव्हर्नर झाले, तेही एकाच मताच्या फरकाने.